शेअर्ड फोल्डर अडकतो तेव्हा संगणक कशाची वाट पाहत असतो?

दुपारी पाच मिनिटांसाठी वीज जाते. संगणकांना यूपीएस असतो, त्यामुळे ते चालू राहतात. नेटवर्कचा स्विच आणि राउटर मात्र साध्या प्लगवर असतात, ते बंद पडतात. वीज परत येते, स्विचचे दिवे लुकलुकायला लागतात, इंटरनेटही सुरू होतं. तरी ऑफिसचा शेअर्ड फोल्डर काही उघडत नाही. विंडोजवर हिरवी पट्टी सरकत राहते, मॅकवर रंगीत चकरी फिरत राहते आणि लिनक्सच्या टर्मिनलवर फाइलींची यादी मागणारी ‘एलएस’ कमांड टाइप केल्यावर पुढे काहीच घडत नाही. ती थांबवायला कंट्रोल-सी दाबूनही उपयोग होत नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात थेट पॉवर बटणाकडे जातो.

तो हात जरा थांबवा. संगणक बिघडल्यासारखा दिसत असला, तरी बहुतेक वेळा तो जाणूनबुजून थांबलेला असतो आणि त्या थांबण्यामागे तुमचा डेटा वाचवण्याचा हेतू असतो. तो कशासाठी थांबलाय हे समजलं, की सोडवायचं कसं आणि कोणत्या क्रमाने, हे आपोआप उलगडतं.

समोरचा गेला हे कळायला वेळ का लागतो

शेअर्ड फोल्डर म्हणजे तुमच्या संगणकाने दूरच्या सर्व्हरशी, म्हणजे फाइली ठेवणाऱ्या संगणकाशी, जोडून ठेवलेलं एक टीसीपी कनेक्शन (टीसीपी ही नेटवर्कवर डेटा खात्रीने पोहोचवण्याची पद्धत). हे कनेक्शन म्हणजे सतत वीज वाहणारी तार नव्हे. दोन्ही टोकांनी आपापल्या मेमरीत ‘आपण जोडलेले आहोत’ अशी नोंद ठेवलेली असते, इतकंच. फोनवर समोरच्याने रीतसर फोन ठेवला तर आपल्याला लगेच कळतं. पण त्याची रेंज गेली तर आपण बराच वेळ ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो. इथेही तसंच आहे. सर्व्हर नीट बंद केला तर तो निरोप पाठवून कनेक्शन मिटवतो. मधला स्विच बंद पडला, केबल निघाली किंवा लॅपटॉप झोपला, तर निरोप कोणीच पाठवत नाही.

मग तुमचा संगणक तोच डेटा पुन्हा पाठवतो, उत्तर आलं नाही तर जरा जास्त थांबून परत पाठवतो. लिनक्सच्या मूळ सेटिंगनुसार टीसीपी असे पंधरा प्रयत्न करतं आणि त्यात सुमारे १५ मिनिटं जातात. कनेक्शनवर काहीच पाठवायचं नसेल तर परिस्थिती आणखी बिकट असते. समोरचा जिवंत आहे का, हे तपासणारा ‘कीपअलाइव्ह’चा पहिला संदेश मूळ सेटिंगमध्ये ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जातो, आणि तोही प्रोग्रॅमने मागितला असेल तरच. फाइल शेअरिंगचे प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याचे ठरलेले नियम, वर स्वतःचेही टाइमआउट लावतात, पण मूळ अडचण तीच राहते: शांतता म्हणजे मृत्यू की नुसता उशीर, हे तारेच्या या टोकावरून ओळखता येत नाही.

एनएफएस हटून बसतं, आणि ते बरोबरच आहे

लिनक्स आणि युनिक्सच्या जगात फोल्डर शेअर करण्याची जुनी रीत म्हणजे एनएफएस. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये ती आणली. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये एक धाडसी निर्णय होता: कोणी कुठली फाइल उघडली आहे, याची आठवण सर्व्हरने ठेवायचीच नाही. प्रत्येक विनंती स्वतःपुरती पूर्ण असायची. त्यामुळे सर्व्हर कोसळला आणि पुन्हा उभा राहिला, तर क्लायंटने, म्हणजे शेअर वापरणाऱ्या संगणकाने, फक्त तीच विनंती पुन्हा पाठवायची, काम पुढे सुरू. वापरणाऱ्याला मधला काळ नुसता मोठा उशीर वाटायचा.

हे जमण्यासाठी क्लायंटला एक गोष्ट कसोशीने पाळावी लागते: उत्तर येईपर्यंत हार मानायची नाही. शेअर आपल्या संगणकाला जोडणं म्हणजे माउंट करणं, आणि अशा जोडणीला ‘हार्ड’ माउंट म्हणतात आणि आजही मूळ सेटिंग तेच आहे. टीसीपीवर एका विनंतीला ६० सेकंदांची मुदत असते. ती उलटून गेली, पुन्हा पाठवूनही उत्तर नाही, की लॉगमध्ये, म्हणजे संगणकाच्या नोंदवहीत, ‘सर्व्हर नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्रायिंग’ अशी ओळ येते. त्यातला दुसरा भाग लक्षात घ्या, तो अजून प्रयत्न करतोय. सर्व्हर परत आला की ‘सर्व्हर ओके’ अशी ओळ येते आणि अडकलेलं सगळं आपोआप हलायला लागतं.

यात डेटाचा प्रश्न कुठे येतो? १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून लिहिण्याचं काम दोन टप्प्यांत होऊ लागलं. क्लायंट डेटा पाठवतो, सर्व्हर तो मेमरीत घेऊन ‘मिळाला’ म्हणतो. नंतर क्लायंट ‘कमिट’ मागतो, तेव्हा सर्व्हर तो खरोखर डिस्कवर उतरवतो. कमिटची पावती मिळेपर्यंत क्लायंट स्वतःकडची प्रत सोडत नाही. मधेच सर्व्हरची वीज गेली आणि तो पुन्हा सुरू झाला, तर पावतीसोबतची खूण बदललेली असते. त्यावरून क्लायंट ओळखतो की सर्व्हरची मेमरी पुसली गेली, आणि सगळं पुन्हा पाठवतो. म्हणजे अडकलेल्या क्लायंटच्या मेमरीत, कदाचित जगात दुसरीकडे कुठेच नसलेला तुमचा डेटा असतो. तुम्ही पॉवर बटण दाबलंत की तो गेला. म्हणून आधी सर्व्हर जिवंत करायचा आणि क्लायंटला शेवटपर्यंत हात लावायचा नाही.

अडकलेल्या प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमची, खूण ‘पीएस’ या कमांडच्या यादीत दिसते. स्थितीच्या रकान्यात ‘डी’ हे अक्षर असतं, म्हणजे व्यत्यय न घेता झोपलेली प्रोसेस. लिनक्सचा कामाचा भार दाखवणारा आकडा, म्हणजे लोड अॅव्हरेज अशा प्रोसेसही मोजतो. त्यामुळे प्रोसेसर अगदी निवांत असताना लोड चाळीस-पन्नासवर गेलेला दिसतो आणि नवखा माणूस कुठला प्रोग्रॅम प्रोसेसर खातोय ते शोधत बसतो. लोड प्रचंड आणि प्रोसेसर रिकामा हे जोडीने दिसलं, तर पहिला संशय नेटवर्क शेअरवर घ्यायचा.

अनेकांना बुचकळ्यात टाकणारी गोष्ट म्हणजे शेअरशी संबंध नसलेल्या गोष्टीही अडकतात. ‘डीएफ’ प्रत्येक माउंटला ‘किती जागा उरली’ असं विचारतो, म्हणून एका मेलेल्या शेअरवर सगळा थांबतो. शेअरचा माउंट तुमच्या होम फोल्डरमध्येच असेल, तर होममध्ये तपशीलवार ‘एलएस’ केल्यावर तोही थांबतो, कारण तिथल्या प्रत्येक नावाची माहिती त्याला हवी असते. कोणता प्रोग्रॅम शेअर धरून बसलाय हे शोधायला लावलेला ‘एलएसओएफ’ स्वतःच अडकू शकतो. त्याला ‘-बी’ पर्याय दिला तर तो अडकवणाऱ्या चौकश्या टाळतो.

विंडोजचा स्वभाव वेगळा

विंडोजचे शेअर्ड फोल्डर, घरचा नॅस (नेटवर्कला जोडलेली फाइली साठवण्याची पेटी) आणि लिनक्सवरचा साम्बा हा शेअरिंगचा प्रोग्रॅम, हे सगळे एसएमबी प्रोटोकॉलवर चालतात. एसएमबीचा सर्व्हर आठवण ठेवतो: कोणी लॉगिन केलं, कोणती फाइल उघडली, कुठे लॉक लावला, म्हणजे इतरांना बदल करण्यापासून रोखलं. कनेक्शन तुटलं की ही आठवण धोक्यात येते. दुसऱ्या आवृत्तीपासून थोड्या वेळात परत आलेल्या क्लायंटला त्याची उघडी फाइल पुन्हा मिळण्याची सोय झाली. विंडोज सर्व्हर २०१२ सोबतच्या तिसऱ्या आवृत्तीत क्लस्टरसाठी, म्हणजे मिळून काम करणाऱ्या सर्व्हरांसाठी, त्याहून पक्की सोय आली. पण साध्या ऑफिसच्या शेअरवर लांबलचक तुटीनंतर सेशन नव्याने जोडावं लागतं. एसएमबी एनएफएससारखं अनंतकाळ थांबत नाही. काही काळ खोळंबून शेवटी एरर देतं, आणि उघड्या फाइलचं काय करायचं हे प्रोग्रॅमवर सोडतं. म्हणूनच मधेच लाइन तुटली, की शेअरवर ठेवलेल्या अॅक्सेसच्या डेटाबेसला फटका बसतो आणि वर्डच्या फाइलचं सहसा निभावतं.

मॅप्ड ड्राइव्हवरची (ड्राइव्हचं अक्षर देऊन जोडलेल्या शेअरवरची) लाल फुली पाहून घाबरण्याचं कारण नाही. विंडोजचा सर्व्हर मूळ सेटिंगनुसार १५ मिनिटं निष्क्रिय असलेलं सेशन बंद करतो, तेव्हाही तशी फुली दिसू शकते आणि डबल क्लिक केलं की ड्राइव्ह जोडला जातो. डबल क्लिकवर खूप वेळ काहीच झालं नाही, तर कमांड प्रॉम्प्टवर ‘नेट यूज’ द्या. कोणतं अक्षर कुठे जोडलेलं आहे आणि त्याची स्थिती काय, हे ती सांगते. अडकलेलं अक्षर ‘डिलीट’ पर्यायाने काढून पुन्हा जोडा. ‘एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या यूजरनेमनी जोडता येणार नाही’ अशी १२१९ क्रमांकाची एरर आली, तर त्या सर्व्हरची सगळी जुनी जोडणी काढल्याशिवाय गाडी पुढे जाणार नाही. एवढ्यानेही सुटलं नाही, तर उघडी कामं सेव्ह करून ‘वर्कस्टेशन’ नावाची सर्व्हिस रीस्टार्ट करा. संगणक रीस्टार्ट करण्यापेक्षा हे हलकं आहे.

दुसरी नेहमीची तक्रार: फोल्डर उघडला, पण एक्सेल सांगतं की फाइल दुसऱ्याने उघडली आहे, आणि तो ‘दुसरा’ म्हणजे तुम्ही स्वतःच. कनेक्शन तुटलं तेव्हाचं तुमचं जुनं सेशन सर्व्हरने अजून सोडलेलं नसतं. विंडोज सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधल्या शेअर्ड फोल्डर्समध्ये उघड्या फाइलींची यादी असते, तिथून ती बंद करता येते. साम्बावर ‘एसएमबीस्टेटस’ कोणत्या प्रोसेसने काय धरलंय ते दाखवतो. कधी कधी फोल्डरमध्ये टिल्ड आणि डॉलर चिन्हांनी सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल मागे राहिलेली असते. मूळ फाइल खरोखर कोणाकडेही उघडी नाही याची खात्री झाली, की ती काढून टाका.

इथेच एक इशारा. वीज गेल्यावर नव्हे, तर विंडोजच्या अपडेटनंतर जुना नॅस दिसेनासा झाला असेल, तर ते दुखणं वेगळं आहे. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने एसएमबीवर डिजिटल सही सक्तीची केली आणि पासवर्डशिवायचा पाहुणा प्रवेश अधिक कडक केला. अशा वेळी ‘एसएमबी १ चालू करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने ज्या भगदाडातून जगभर धुमाकूळ घातला ते याच पहिल्या आवृत्तीत होतं. नॅसचं सॉफ्टवेअर अपडेट करा, त्यावर नाव-पासवर्ड लावा.

सोडवायचं कसं

सुरुवात नेटवर्कपासून करा, अडकलेल्या संगणकापासून नाही. सर्व्हरला पिंग करा, म्हणजे ‘आहेस का’ असा छोटा संदेश पाठवा, पण पिंगचं उत्तर आलं म्हणून समाधान मानू नका. फाइल शेअरिंगची सेवा मेलेली असली तरी सर्व्हर पिंगला उत्तर देत राहतो. खरी चाचणी पोर्टची, म्हणजे त्या सेवेच्या ठरलेल्या दाराच्या क्रमांकाची: एनएफएससाठी २०४९, एसएमबीसाठी ४४५. लिनक्सवर नेटकॅटने आणि विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ने ते पाहता येतं.

पोर्ट लागत नसेल तर सर्व्हरचा आयपी पत्ता बघा. राउटर रीस्टार्ट झाल्यावर नॅसला नवा पत्ता मिळणं हे वीज गेल्यानंतरचं फार नेहमीचं कारण आहे, आणि तितकंच दुर्लक्षित. लिनक्सचा एनएफएस क्लायंट माउंट करताना नावावरून एकदाच पत्ता काढतो आणि पुढे त्याच पत्त्यावर ठोठावत राहतो. नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसमध्ये नवा पत्ता घातला तरी त्याला ते कळत नाही. अशा वेळी सर्व्हरला जुना पत्ता परत द्या. अडकलेले सगळे क्लायंट एकेक करून जागे होतील, डेटाही वाचेल.

सर्व्हर परत आला, पोर्ट लागतंय, तरी काही हलत नाही? एनएफएसची चौथी आवृत्ती असेल तर दोनेक मिनिटं थांबा. ही आवृत्ती लॉक लक्षात ठेवते. त्यामुळे सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर जुन्या क्लायंटना आपापले लॉक परत मागता यावेत म्हणून तो काही काळ नवे लॉक आणि नव्या फाइली उघडणं रोखून धरतो. लिनक्सवर हा काळ मुळात ९० सेकंदांचा असतो. याच दीड मिनिटात वैतागून लोक सर्व्हर पुन्हा रीस्टार्ट करतात आणि घड्याळ परत शून्यावर आणतात.

व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटमधल्या खासगी बोगद्यातून, जोडलेल्या शेअरचं एक विचित्र लक्षण असतं: छोटे फोल्डर उघडतात, मोठे अडकतात. व्हीपीएनच्या बोगद्यात पॅकेटला, म्हणजे डेटाच्या गठ्ठ्याला, इथरनेटच्या १,५०० बाइटपेक्षा कमी जागा असते, आणि ‘पॅकेट मोठं आहे’ हा परतीचा निरोप एखादं फायरवॉल गिळून टाकतं. छोटी पॅकेट जातात, मोठी हरवत राहतात. पॅकेटचे तुकडे न करण्याचा पर्याय लावून १,४७२ आणि नंतर त्याहून लहान आकाराचे पिंग पाठवले की मर्यादा सापडते. मग त्या जोडणीचा एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, कमी करायचा.

सर्व्हर परत येणारच नाही, हे नक्की झालं, तर आणि तरच तोडायचं. लिनक्सवर काय माउंट आहे ते ‘फाइंडमाउंट’ने बघा, तो सर्व्हरला न विचारता यादी देतो. अडकलेल्या प्रोसेसला ‘किल -९’ द्या. पूर्वी एनएफएसवर अडकलेल्या प्रोसेसना तेवढ्यानेही धक्का लागत नसे. २००८ च्या लिनक्सच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) २.६.२५ आवृत्तीपासून त्या बऱ्याच वेळा मरतात. मग माउंट सोडवणारी ‘यूमाउंट -एफ’ कमांड. हा पर्याय थांबलेल्या विनंत्यांना एरर देऊन मोकळं करतो. दरम्यान नव्या विनंत्या येत असतील तर तो दोन-तीनदा द्यावा लागतो. तेही नाही जमलं, तर ‘यूमाउंट -एल’.

या शेवटच्या पर्यायाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तो जादूची कांडी म्हणून सुचवला जातो. तो शेअर फक्त नजरेआड करतो. ‘डीएफ’ आणि ‘एलएस’ चालू लागतात, पण आधी अडकलेल्या प्रोसेस आत अडकलेल्याच राहतात. शिवाय माउंटच्या जागी आता सर्व्हरचा फोल्डर नसून स्थानिक डिस्कवरचा रिकामा फोल्डर असतो. रात्री बॅकअपची स्क्रिप्ट येते, त्या रिकाम्या फोल्डरात सगळं ओतते आणि डिस्क भरते. नंतर शेअर पुन्हा माउंट केला की त्या फाइली त्याच्याखाली झाकल्या जातात. जागा कुठे गेली ते कोणालाच सापडत नाही. म्हणून अशा प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला शेअर खरोखर माउंट आहे का, याची ‘माउंटपॉइंट -क्यू’ने तपासणी असलीच पाहिजे, आणि रिकाम्या फोल्डरवर ‘सीएचअॅटर’ने न बदलण्याची खूण लावून ठेवली तर चुकूनही तिथे काही लिहिलं जाणार नाही.

रीस्टार्टशिवाय गत्यंतरच नसेल, तर आधी साधा ‘सिंक’ देऊ नका. तो सगळ्या शेअरांचा डेटा उतरवायला जातो आणि स्वतः अडकतो. ‘सिंक -एफ’ देऊन फक्त स्थानिक डिस्कचा फोल्डर दाखवा.

सगळं जोडलं गेलं, पण ‘स्टेल फाइल हँडल’ अशी एरर येते, हाही एक प्रकार आहे. एनएफएसमध्ये क्लायंट फाइलला नावाने नव्हे, तर सर्व्हरने दिलेल्या एका ओळखक्रमांकाने हाक मारतो. सर्व्हरवर डिस्क बदलली किंवा बॅकअपवरून पुन्हा भरली, की जुने क्रमांक निरर्थक होतात. इथे वाट पाहून काही होत नाही. शेअर काढून पुन्हा माउंट करा.

पुन्हा असं होऊ नये म्हणून

स्विच, राउटर आणि नॅस यूपीएसवर घ्या. त्यांना वीज फारशी लागत नाही. नॅसला राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून ठेवा. या दोन गोष्टींनी छोट्या ऑफिसचा निम्म्याहून जास्त ताप जाईल असं मी खात्रीने म्हणेन.

‘सॉफ्ट’ माउंट करा म्हणजे काही अडकणार नाही, असं कोणी सांगेल. सॉफ्टमध्ये क्लायंट ठरावीक प्रयत्नांनंतर एरर देतो. पण ती एरर अनेकदा फाइल बंद करताना येते, आणि पुष्कळ प्रोग्रॅम त्या क्षणी एरर तपासतच नाहीत. फाइल सेव्ह झाली असं तुम्हाला वाटतं, प्रत्यक्षात ती अर्धवट असते. नुसत्या वाचण्यासाठी असलेल्या शेअरवर सॉफ्ट चालेल. जिथे लिहायचं आहे तिथे हार्डच ठेवा.

अडकण्याचा त्रास कमी करायचा तर लागेल तेव्हाच माउंट होणारी व्यवस्था लावा: ऑटोएफएस किंवा सिस्टिमडीचा ऑटोमाउंट. शेअर वापरात नसला की तो आपोआप सुटतो, त्यामुळे वीज जाते त्या वेळी बहुतेक संगणकांवर माउंटच नसतो. माउंटची यादी असलेल्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये ‘_नेटडेव्ह’ आणि ‘नोफेल’ लिहिलं की बंद होताना नेटवर्कआधी शेअर सुटतो आणि सर्व्हर नसतानाही संगणक सुरू होतो. माउंटसाठी होमपासून दूर वेगळा फोल्डर ठेवा. दर पाच मिनिटांनी शेअरवर चालणारं क्रॉनचं (ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होणारं) काम असेल तर त्याला ‘एफलॉक -एन’ लावा, म्हणजे आधीचं काम चालू असताना नवं सुरू होणार नाही, नाहीतर रात्रभरात अडकलेल्या प्रोसेसची रांग लागते आणि सकाळी लॉगिन करायलाही संगणक दाद देत नाही.

हे सगळं लावून झालं की एखाद्या रविवारी सर्वांची कामं बंद असताना, शेअरवर एक मोठी चाचणीची फाइल कॉपी करायला लावा आणि सर्व्हरची केबल काढा. पाच मिनिटांनी परत लावा. लॉगमध्ये ‘ओके’ कधी आलं, कॉपी स्वतःहून पुढे सरकली का, कोणत्या संगणकावर डबल क्लिक करावं लागलं, हे लिहून ठेवा. शेवटी दोन्हीकडच्या फाइलींचे चेकसम, म्हणजे आतल्या डेटावरून काढलेले पडताळणीचे आकडे, जुळतात का तेही बघा.